इंदू ओढत नाही

खोली बघायला जायच्या आधी मी फोनवर विचारलं होतं, "घरात कोण कोण असतं?" पलीकडून उत्तर आलं, "मी आणि इंदू. ती तुमच्या अध्यात-मध्यात येणार नाही. तुम्हीही तिच्या येऊ नका." मला वाटलं, बहीण असेल. असते एखादीची, जरा आजारी, जरा तिरसट. अमरावतीहून पुण्यात येऊन मला तेव्हा थोडेच महिने झाले होते. दिवसभर एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि संध्याकाळी गप्प बसायचं, असं चाललं होतं. दोघी म्हाताऱ्या बहिणींच्या वरच्या मजल्यावर राहिलं तर भाजी निवडताना तरी कुणी बोलेल, एवढीच माझी अपेक्षा. धायरीत पत्ता विचारत विचारत पोचले, फाटक ढकललं, तर अंगणात करंजाखाली एक पांढरी घोडी. मला बघून तिनं कान मागे टाकले. पायरीवर पेपर वाचत बसलेल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "ही इंदू. फाटक लावून घ्या. अर्धंच आहे, पण आहे तेवढं लावा."

उरलेलं अर्धं इंदूनं उखडलं होतं. ते शेडच्या मागे गवतात पडलेलं मला नंतर दिसलं.

बाई एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या पेठेतल्या. धायरी खेडं होतं तेव्हा वडिलांनी घेऊन ठेवलेल्या तुकड्यावर हे घर. आता चारी बाजूंनी उंच इमारती, आणि मधोमध बाई, पत्र्याची शेड, घोडी. सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात अजून शिट्टी. पुण्यात घरोघरी म्हणे खोचक पाट्या असतात. या घराला एकही नव्हती. ते काम बाई स्वतः करायच्या. बाल्कनीतून कुणी इंदूचा फोटो काढायला लागलं की खालून आवाज जायचा, "आधी विचारायची पद्धत असते. मला नाही, तिला." माझं नाव त्यांनी एकदाच विचारून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. मला त्या 'अमरावती' म्हणायच्या. "अहो अमरावती, गीझर बंद केलात का?" मी वयानं त्यांच्या मुलीसारखी, पण अहो-जाहो कधी सुटलं नाही.

इंदू त्यांच्याकडे कशी आली हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका लॉनवर लग्न होतं. नवरदेव मिरवून उतरला, जेवायला बसला, आणि घोडीवाल्यानं घोडी साखळीनं कमानीच्या खांबाला बांधून ठेवली, डीजेच्या स्पीकरच्या भिंतीला लागून. गाणं वाजलं तशी घोडी मागे ओढायला लागली. जितकी ओढेल तितकी साखळी कानांमागे रुतायची, आणि रुतली की आणखी ओढायची. शेवटी फुलं, दिवे, नवरा-नवरीची नावं, सगळ्यासकट कमान खाली आली. घोडीवाला काठी घेऊन धावला. त्याच्या आधी बाई पोचल्या होत्या, भरलं ताट टेबलावर सोडून. त्याच्या हातातली काठी काढून घेत म्हणाल्या, "विकायची आहे की मारायचीच आहे? एक काय ते ठरवा." तरुणपणी त्या घोड्यावर बसायला शिकल्या होत्या, तेवढीच काय ती त्यांची आणि घोड्यांची ओळख. जिलबीही न खाता त्या घोडी घेऊन धायरीपर्यंत चालत आल्या. तिचं जुनं नाव राणी. "राणी काय राणी! कुणाच्याही लग्नाला भाड्यानं जाते ती कसली राणी?" म्हणून इंदू.

मी पुढे जे काही बघितलं ते एकाच गोष्टीपुरतं होतं: इंदूला बांधलं की ती ओढायची. बाकी गुणांची होती. खरारा करून घ्यायची, पाय उचलून द्यायची. पण दोरीला गाठ बसली की डोळे पांढरे व्हायचे आणि सगळं अंग मागे जायचं. फाटक गेलं, पाण्याच्या मोटरीचा पाइप गेला, एका टेम्पोचा आरसा गेला. समोरचे एक गृहस्थ सांगायला आले, "बाई, जाड साखळी घ्या. चार दिवस ओढेल, मग गप्प बसेल." बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हाला बांधून बघू का आधी? किती दिवसांत गप्प बसता तेही कळेल."

त्यांची शिकवायची पद्धत सांगायला सोपी आणि बघायला कंटाळवाणी होती. दोरी हातात धरायची, हलका ताण द्यायचा आणि नुसतं उभं राहायचं. इंदू मान ताठ करून मागे रेटायची. बाई जागच्या जागी. मग केव्हा तरी इंदूची मान बोटभर खाली यायची, आणि त्याच क्षणी बाई दोरी सैल सोडायच्या. "तिनं बोटभर दिलं की आपण हातभर द्यायचं. उशीर केलात तर तिला वाटेल, देऊन काही मिळत नाही." पुढे करंजाच्या खोडाला डोक्याच्या उंचीवर ट्रकची जुनी ट्यूब बांधली, तिला कडी, आणि कडीतून दोरी नुसती ओवलेली. इंदूनं झटका दिला की दोरी सरकायची, कुठे घट्ट असं लागायचंच नाही, आणि मग ती आपणहून थांबायची. गाठ सगळ्यात शेवटी. तीही अशी, की मोकळं टोक ओढलं की सुटते.

एकदा मी विचारलं, "एवढं काय आहे बाप्पा घाबरायसारखं? उभंच तर राहायचं आहे." बाईंनी मला जवळ बोलावलं, दोरीचा वेढा माझ्या मनगटाला दिला आणि काही न सांगता ओढला. मी मागे गेले. पायच मागे गेले माझे.

"का हो, मागे का गेलात? मी तर पुढे ओढलं."

"तुम्ही ओढलं म्हणून."

"हेच. कुणी ओढलं की आपण मागेच जातो. त्याला अक्कल लागत नाही." दोरी गुंडाळता गुंडाळता, भाव विचारावा तशा आवाजात त्या म्हणाल्या, "मी लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी परत आले. कुणी मारलं नाही, छळलं नाही. चांगली माणसं होती. नुसतं घट्ट वाटलं." मी काही बोलायच्या आत त्यांनी मला चंदीची बादली आणायला पिटाळलं. दाणा भिजवून ठेवलेला असायचा त्या बादलीत. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि काढायची माझी छाती नव्हती.

गाठ मारली की खरं शिकवणं सुरू होतं, असं त्या म्हणायच्या. "दोरीनं जनावर उभं राहत नाही हो. दोरी तुटते. कुणी तरी परत येऊन सोडणार आहे, हे पटलं की राहतं." म्हणून त्या गाठ मारायच्या, "येते, इंदू" म्हणायच्या आणि घराच्या कोपऱ्याआड जायच्या. इंदू घाबरायच्या आत परत. मग दुधाच्या दुकानापर्यंत. मग बँकेपर्यंत. मला सक्त ताकीद होती, त्या नसताना तिच्याजवळ जायचं नाही. सोडायचं त्यांनीच.

त्या 'येते'ची किंमत कळायला बाईंचं एक खूळ माहीत पाहिजे. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. परत यायचं असो नसो, 'येते' म्हणायचं. बाईंना ते खपायचं नाही. काकू फाटकातून "येते हं बाई" म्हणाल्या, की बाई विचारायच्या, "कधी?" काकू बिचाऱ्या चप्पल अर्धी घातलेली, "म्हणजे... अशीच... म्हणायची पद्धत..." "मग म्हणू नका." आणि त्या स्वतः कुणाच्याही दारातून निघताना सरळ "जाते" म्हणायच्या. एका आजारी आजोबांना बघायला गेल्या आणि त्यांच्या उशाशी उभं राहून "जाते" म्हणाल्या. सूनबाई पांढऱ्याफटक पडल्या. आजोबा हसले म्हणे, पण बाईंना त्या घरी पुन्हा बोलावणं आलं नाही. असं करत करत त्यांच्याकडे येणारी माणसं कमी कमी होत गेली असणार. मी होते तेव्हा काकूंशिवाय कुणी यायचं नाही. 'येते' हा शब्द त्यांनी फक्त घोडीसाठी ठेवला होता, आणि तिच्याशी तो कधी मोडला नव्हता.

एवढ्या चिकाटीनं हे चाललं होतं त्यामागे घाई होती, आणि ती कशाची हे मला उशिरा समजलं. बाईंच्या हातांना कंप सुटला होता. आधी कपबशी वाजायची, मग पेपर हलायला लागला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पानशेतच्या रस्त्याला फार्म चालवते, लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. ती इंदूला घ्यायला तयार होती, तिची अट एकच: ओढणारी घोडी नको, मुलं आजूबाजूला असतात. ती नाही म्हणाली तर घ्यायला तयार असलेला दुसरा माणूस म्हणजे तोच घोडीवाला. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सांत्वन करू नका. तुम्हाला जमत नाही."

आणि एक दिवस इंदू तयार झाली. बाई हातांसाठीच शहरात डॉक्टरकडे गेल्या होत्या, "येते, इंदू" म्हणून. माझी सुट्टी होती. मी वरच्या खिडकीत. दुपार कलायला लागली तरी बाईंचा पत्ता नाही. इंदूनं मान वर केली, फाटकाकडे बघत खिंकाळली, खुरानं माती उकरायला लागली. तेवढ्यात फोन. "मी रस्त्यात अडकलेय. पूल बांधतायत की पाडतायत तेच कळत नाही. ती कशी आहे?"

"हाका मारते आहे. मी जाऊ का खाली?"

"नाही. ओढते का?"

मी बघितलं. "नाही."

त्या रिक्षा सोडून चालत आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, उन्हातून, गाड्यांच्या मधून. फाटकातून आत आल्या तेव्हा इंदूची मान घामानं काळवंडली होती, चारी पाय थरथरत होते, आणि दोरी सैल होती. मी खाली धावले, पण लांबच थांबले. बाई गाठ सोडायला लागल्या. मोकळं टोक त्यांच्या बोटांत येईना. धरायच्या, निसटायचं. पुन्हा धरायच्या. इंदू त्यांच्या खांद्यावर नाकपुड्या टेकून गप्प उभी. बऱ्याच वेळानं गाठ सुटली. बाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "फार्मवर फोन लावा. घोडी तयार आहे म्हणावं."

"इतक्यात कशाला, बाई?"

"गाठ सुटायला किती वेळ लागला, बघितलंत ना? एखाद्या दिवशी सुटलीच नाही तर ती काय करेल?"

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून इंदूला घेऊन आम्ही दोघी गेलो. फार्मवर लांबलचक लाकडी दांडा होता, त्याला ओळीनं घोडे बांधलेले. बाईंनी आपल्या हातांनी इंदूला तिथे बांधलं. कानांमागे जिथे साखळीनं केस गेले होते त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "जाते, इंदू." घोडीला 'येते' आणि 'जाते'तला फरक काय कळणार? मला कळला. बाई मागे न बघता टेम्पोत जाऊन बसल्या. येताना खडकवासल्याच्या अलीकडे मोठा खड्डा आला तशा त्या ड्रायव्हरवर ओरडल्या, "हळू! मागे जनावर आहे." त्यानं गाडी हळू केली आणि धायरीपर्यंत तशीच चालवली.

दोन-चार दिवसांनी फार्मवरून फोन आला. बाईंनी स्पीकर लावला होता, हातात फोन धरवत नव्हता म्हणून. "बाई, घोडी सोनं आहे. अजिबात ओढत नाही. पण सारखी फाटकाकडे तोंड करून उभी असते. सोडलं तरी तिथून हलत नाही. खाणंही जेमतेम. तुम्ही एकदा येऊन जाता का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी या अमरावतींच्या नंबरवर करत जा. मला हा फोन ऐकू येत नाही." फोन चांगला ऐकू येत होता.

मला राग आला. "काहून नाही जात तुम्ही? एक वेळ भेटून आलं तर काय बिघडते?"

"भेटून आले तर तिला वाटेल, मी उभी राहिले म्हणून बाई आल्या. मग आणखी उभी राहील." बाई करंजाकडे बघत होत्या. "चूक माझी आहे. तिला नुसतं उभं राहायला शिकवायचं होतं. मी वाट बघायला शिकवलं. तुम्हाला जवळ जाऊ दिलं नाही, कुणालाच जाऊ दिलं नाही. तिनं माझ्याशिवाय कुणाच्या हातून सुटू नये, असं वाटायचं मला. आणि कळत होतं हो, करताना कळत होतं." मग म्हणाल्या, "कवायतीच्या तासाला मुलींना सावधान म्हणायचं आणि विश्राम म्हणायचं विसरून घरी निघून जायचं, तसं झालंय हे."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. बाई आधीच्याच वेळेला उठायच्या, करंजाखाली झाडायच्या. झाडायला तिथे पानांशिवाय काही नसायचं. मग त्या वर माझ्याकडे यायला लागल्या, नळ गळतो का बघायला, पंखा वाजतो का बघायला. फार्मवरून काही कळलं का, असं एकदाही विचारलं नाही. "तुमच्या त्या फोनला चार्जिंग असतं ना?" एवढंच. मला त्यांची कीव येत नव्हती, माया वाटत होती, आणि ती बोलून दाखवायची त्या घरात सोय नव्हती. मी गुपचूप दोघींचा चहा टाकायचे. "मी चहाला आले नव्हते," म्हणत त्या प्यायच्या. कप दोन्ही हातांनी धरायला लागायचा.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. मी खाली पळत गेले. बाई पायरीवर उन्हात बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि फोन त्यांच्या समोर धरला. त्यांनी चष्मा लावला.

दोन तपकिरी घोड्यांच्या मधे इंदू बांधलेली होती. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबतोय.

"फाटक कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"मागे दिसतं ते. तिची पाठ आहे तिकडे."

"नीट बघून सांगा."

"पाठच आहे, बाई."

त्या स्क्रीनवर वाकल्या. "मागचा पाय बघा. सैल सोडलाय. असा पाय सोडून उभं राहिलं म्हणजे त्यांना कुणाची वाट बघायची नसते." तेवढ्यात व्हिडिओत एका बाजूनं बादली घेऊन एक मुलगी आली. इंदूचा कान तिच्याकडे वळला, मग मान वळली, आणि तिनं बादलीत तोंड घातलं. व्हिडिओ संपला.

"झालं," बाई म्हणाल्या. "विसरली." शाळेत एखाद्या मुलीला पहिला नंबर दिला असता तर याच आवाजात दिला असता.

"विसरली कशी असेल हो? जनावरं नाही विसरत."

"अहो, विसरावं म्हणूनच तर गेले नाही मी. उगाच काही तरी बोलू नका." त्यांचे हात मांडीवर हलत होते. त्यांनी एक हात दुसऱ्यानं दाबून धरला. "परत लावा."

मी परत लावला. या वेळी मुलगी बादली घेऊन आली तेव्हा बाईंनी माझा हात फोनसकट जवळ ओढला आणि हळूच हाक मारली, "इंदू." इंदूनं बादलीत तोंड घातलं.

"बाई, व्हिडिओ आहे तो. तिला ऐकू नाही जात."

"कळतं मला," बाई म्हणाल्या. ओढणीच्या टोकानं त्यांनी काच पुसली. "परत लावा."

मी लावला. या वेळी त्यांनी बादली यायच्या आधीच हाक मारली. इंदूचा कान वळला.